धानाच्या फरशीवरचा पाचांचा खेळ

मित्रांनो, मी एक जुनी फरशी आहे. लगेच नाक मुरडू नका. घरात आई ओल्या फडक्याने पुसते, ती चौकोनी तुकड्यांची फरशी मी नव्हे. मी राइस मिलची, धान वाळवायची फरशी. नव्वद हात लांब, पन्नास हात रुंद आणि सगळी एकसंध. गोंदियाहून सालेकशाकडे जाणाऱ्या गाडीत बसलात की वाटेत पत्र्याची एक उंच चिमणी दिसते. तिच्या पायथ्याशी मी असते. हल्ली तुम्ही माझ्यावर गोट्या खेळता, त्यासाठी माझ्या अंगात खड्डे करता, आणि यंदा तर होळीसुद्धा माझ्यावरच पेटवलीत. माझा चांगला वीतभर टवका उडाला. मी तुमच्यावर रागावलेली आहे, पण तुम्ही आलात म्हणून बरेही वाटते आहे. बसा जरा.

देश स्वतंत्र झाला, त्याच्या दुसऱ्या वर्षी माझा जन्म झाला. सिमेंट तेव्हा सहज मिळत नव्हते. म्हणून खाली विटांचा थर, त्यावर चुना आणि विटांचा चुरा, आणि त्यात गुळाचे पाणी, असे माझे अंग झाले. वीस बायका बारा दिवस मला लाकडी थापीने बडवत होत्या. बडवताना गाणी म्हणत होत्या, त्यामुळे मार फारसा लागला नाही. शेवटी गवंडी गुडघ्यावर बसला, एक डोळा मिटून माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, "आरसा झाली ना बाप्पा!" तेव्हापासून मला थोडा गर्व आहे. तो अजून गेलेला नाही.

माझे काम सोपे होते. उकडा तांदूळ तुम्ही खाता ना, त्यासाठी धान आधी हौदात भिजवतात, मग वाफ देतात, आणि ते गरम ओले धान माझ्या अंगावर पसरतात. नुसते पसरून मात्र चालत नाही. ते पुन्हा पुन्हा उलटवावे लागते. नाहीतर वरचा दाणा तडकतो आणि खालचा आंबतो. हे उलटवायचे काम बायका पायांनी करत. ओळीने उभ्या राहत आणि तळवा न उचलता, पाय घासत, या टोकापासून त्या टोकापर्यंत जात. मागे धानात सरळ सऱ्या पडत. पाय उचलला की टाच दाण्यावर पडते आणि दाणा मोडतो, म्हणून पाय उचलणारीला सगळ्याजणी हसत.

माझ्यावर चामडे आणायला मनाई होती. धान म्हणजे लक्ष्मी, तिच्यावर चप्पल कशी चालेल? शेठसुद्धा फाटकाशी जोडे काढून येत. दुसरा नियम घंटेचा होता. ऑफिसच्या दाराशी रुळाचा एक तुकडा टांगलेला असे. आभाळ भरून आले की मुनशी केवलराम त्यावर हातोडा मारायचा. घंटा झाली की मिलमध्ये जो कोणी असेल त्याने हातातले काम टाकून माझ्याकडे धावायचे, धान गोळा करायचे आणि ताडपत्रीखाली झाकायचे. जेवत असलात तर ताट सोडून. जो घंटेला आला नाही, त्याला दुसऱ्या दिवसापासून फाटकाच्या आत घेत नसत. नियम कडक होता, पण एका घंटेने शेकडो पोती वाचत, म्हणून कोणी कुरकुर केली नाही.

मी माणसांना पायांवरून ओळखते. चेहरे मलाही दिसतात, पण तळव्याशिवाय माझा कोणावर विश्वास बसत नाही. माझ्यावर हजारो पाय चालून गेले. त्यात दुर्पताचे पाय वेगळे होते.

दुर्पता सालेकशाच्या जंगलाकडून आलेली. तिच्या बापाने याच मिलमध्ये पोती वाहिली आणि एका दुपारी पोत्यांची थप्पी कोसळून तो तिच्याखाली गेला. त्यानंतर तिचा धाकटा भाऊ मंगरू त्याच गोदामात हमालीला लागला. तो वीस वर्षांचा, चपळ आणि अंगाने सडपातळ. त्याने पाठीवर पोते घेतले आणि तो फळीवरून थप्पीवर चढू लागला, की माझ्यावरचे दुर्पताचे पाय थांबत. तो खाली उतरला की पुन्हा चालू होत. दिवसातून साठ-सत्तर वेळा. शेजारणीला ते कळत नसे. मला कळे. भावाला त्या थप्पीखालून बाहेर काढायचे, एवढेच एक तिच्या मनात होते, आणि कसे काढायचे ते तिला ठाऊक नव्हते.

एक्कावन्न साली खुशाल नावाचा माणूस मिलच्या बॉयलरवर कामाला आला. त्याआधी तो रेल्वेत इंजिनावर होता आणि रेल्वेच्या संघातून फुटबॉल खेळायचा. गुडघा मोडला, खेळ सुटला, मग नोकरीही सुटली. तो सांगायचा, की पावसाळ्यात मैदानात चिखल झाला की तिकडचे खेळाडू गोदामाच्या पक्क्या जमिनीवर पाच-पाच जणांचा खेळ मांडत. जागा लहान, म्हणून डोके जास्त लागे. मिलमध्ये आल्याच्या पहिल्याच दिवशी तो माझ्यावर उभा राहिला आणि लंगडत लंगडत चारही कोपरे फिरून आला. त्याच्या तळव्याला घाम आला होता. माझ्यावर इतक्या प्रेमाने तोपर्यंत कोणी चालले नव्हते.

चामड्याचा चेंडू आणायची सोय नव्हती. खुशालने पोत्याचे बारदान कापून चेंडू शिवला आणि आत चिंध्या ठासून भरल्या. तो चेंडू उसळतच नसे. नुसता घरंगळायचा. हमालांमधून खुशालने पाचजण निवडले. मंगरू, गोलात उभा राहायला धिप्पाड आसाराम, आणि उदाराम, रामलाल, दुधराम. धान उचलले की संध्याकाळचा तासभर मी त्यांची. भरलेली दोन-दोन पोती उभी केली की गोल तयार. सगळे खुशालला वस्ताद म्हणू लागले.

सुरुवातीचे दिवस आठवले की मला अजून हसू येते. पोती उचलणारी माणसे ती! चेंडू दिसला की दाणकन लाथ. चेंडू रेल्वेलाइनपलीकडे आणि पाचहीजण त्याच्यामागे. खुशाल कपाळाला हात लावून बसायचा.

"अबे, पाय उचलून राहिले काऊन? चेंडू का साप आहे?"

"मंग खेळाचा कसा, वस्ताद?" मंगरू विचारायचा. खुशालला दाखवता येत नव्हते. त्याचा गुडघा वळत नव्हता.

एका दुपारी खुशाल बॉयलरच्या दारात बिडी ओढत उभा होता आणि दुर्पता धान उलटवत होती. तो बघतच राहिला. बिडी विझली तरी त्याला कळले नाही. तिचा पाय जमिनीला सोडत नव्हता. अंगठ्याने दाणा ओढायचा, तळव्याने दाबायचा, टाचेने मागे सारायचा, आणि हे सगळे पुढे पाहत, खाली न पाहता. तो लंगडत आला आणि चेंडू तिच्यापुढे सरकवला.

"बाई, धानाले करतं तसं याले करून दाखव."

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. दुर्पताने चेंडूवर तळवा ठेवला, दाबला, मागे ओढला, बाजूला सारला, आणि त्याच लयीत चालत दुसऱ्या टोकाला गेली. चेंडू तिच्या पायाखालून हातभरही लांब गेला नाही. मी तेव्हा शहारले, ते कोणाला दिसले नसेल.

"उद्यापासून तुमी पाचही जण धान उलटवाल," खुशालने हमालांना सांगितले. "एक महिना. चेंडू नाही."

मोठा गोंधळ झाला. बायकांचे काम आम्ही कायले करू, म्हणून दुधराम दोन दिवस आलाच नाही. आसाराम म्हणाला, "गावात तोंड दाखवता येणार नाही ना मले." मंगरू मात्र बहिणीच्या शेजारी उभा राहिला. त्याची सरी वाकडी जायची, दुर्पता त्याच्या पायावर काडी मारायची. मग एकेक करत बाकीचे आले. जेवणाच्या सुट्टीत पाच हमाल धान उलटवत आहेत आणि बायका त्यांना हसत आहेत, असे महिनाभर चालले.

महिन्याने चेंडू हातात मिळाला, म्हणजे पायात मिळाला, तेव्हा त्यांचे त्यांनाच नवल वाटले. चेंडू आता तळव्याखाली थांबत होता. मग खुशालने दोन सऱ्यांमधल्या मोकळ्या पट्टीतून चेंडू न्यायला लावले. बाजूचा एक दाणा हलला तर पुन्हा पहिल्यापासून. समोरच्या संघाचा माणूस पाठीला चिकटलेला असताना चेंडू कसा राखायचा, ते दुर्पतानेच दाखवले. आणि खेळातली सगळ्यात मोठी अक्कल खुशालला बायकांच्या रांगेवरून सुचली. रांगेतली एखादी मागे पडली, तर शेजारीण न सांगता तिच्या सरीत सरकते, तिच्या जागी तिसरी येते, आणि धान कुठेच उलटवल्याशिवाय राहत नाही. बॉयलरमधल्या कोळशाने खुशालने माझ्यावर खुणा केल्या. एक मागे, दोन बाजूंना, एक पुढे आणि आसाराम गोलात. "चेंडू दिला की उभा राहाचा नाही. सरकाचं. अन् सुटलेली जागा दुसऱ्यानं धराची." पाच वर्षे तो हेच सांगत होता. कोळशाने माझे अंग काळे व्हायचे, सकाळी बायका मला धुताना खुशालच्या नावाने बोटे मोडायच्या.

ही पाच वर्षे माझ्या सुखाची. रेल्वेच्या यार्डातली माणसे खेळायला येत आणि हरून जात. आसपासच्या मिलची माणसेही आली आणि हरली. पाचांतला एखादा कधी आजारी असला तर सरावाला दुर्पता उभी राहायची, लुगड्याचा कासोटा आवळून. तिच्या पायातून चेंडू काढणे मंगरूलाही जमत नसे. सामना असला की ती पुन्हा बायकांमध्ये जाऊन बसायची. तिला कोणी "बस" असे म्हटले नव्हते. "खेळ" असेही कोणी म्हटले नव्हते. मला वाटायचे, कोणीतरी म्हणावे. मला बोलता आले असते तर मीच म्हटले असते.

छप्पन सालच्या पौषात नागपूरहून रेल्वेच्या खेळाचे एक साहेब आले. सोबत त्यांचे पाच खेळाडू. खुशालने दोन वर्षे पत्रे लिहून लिहून त्यांना बोलावले होते. साहेबांनी फाटकाशी बूट काढले, बारदानाचा चेंडू हातात घेऊन हसले आणि म्हणाले, "तुम लोग हार गए तो चाय पीकर लौट जाऊँगा. बराबरी भी कर ली, तो एक आदमी रेलवे में ले जाऊँगा."

तो एक आदमी कोण, हे सगळ्यांना ठाऊक होते. मंगरूसारखा दुसरा नव्हता. दुर्पताने त्या दिवशी सकाळी मला हात लावून कपाळाला लावला. रोज लावायची, पण त्या दिवशी हात बराच वेळ माझ्यावर होता.

शेठने बॉयलर बंद ठेवायला नकार दिला. म्हणून माझ्या उत्तरेच्या अर्ध्या भागावर धान आणि बायका, आणि दक्षिणेच्या भागावर सामना. रेल्वेचे खेळाडू खरोखर चांगले होते. त्यांनी दोन गोल केले. मंगरूनेही दोन केले, आणि दुसरा असा, की साहेब खुर्चीतून उठले. पाठीला माणूस चिकटलेला असताना त्याने चेंडू तळव्याने मागे ओढला, फिरला आणि पोत्यांच्या मधून सरकवला. दोन-दोन झाले. साहेबांच्या घड्याळात चार मिनिटे उरली होती.

तेवढ्यात आभाळ काळे झाले आणि केवलरामने घंटा वाजवली.

मित्रांनो, पुढचे नीट ऐका. चेंडू मंगरूच्या पायात होता. घंटा झाली आणि त्याने चेंडू तिथेच सोडला. पाचही जण वळले आणि धानाकडे धावले. आसारामसुद्धा गोल उघडा टाकून धावला. कोणी विचार केला नाही. सवयीचे पाय, ते निघाले. खुशाल लंगडत त्यांच्यामागे जात ओरडत राहिला, "अबे, शिट्टी नाही झाली! शिट्टी नाही झाली!" पण शिट्टी त्यांच्या पायांना ठाऊक कुठे होती? रेल्वेचा एक खेळाडू हसत हसत मोकळ्या चेंडूकडे निघाला. समोर रिकामा गोल होता.

त्याच वेळी धानातून एकजण उलट्या दिशेने धावली. सगळी मिल उत्तरेला येत होती आणि दुर्पता एकटी दक्षिणेला जात होती. त्या खेळाडूच्या आधी तिचा तळवा चेंडूवर पडला.

तो थांबला. त्याने साहेबांकडे पाहिले. साहेबांनी शिट्टी ओठांपर्यंत नेली, पण वाजवली नाही. मग तो खेळाडू चेंडू घ्यायला पुढे झाला. दुर्पताने त्याच्याकडे पाठ केली, चेंडू मागे ओढला आणि बाजूला सरकली. दुसरा आला. तिने चेंडू त्याच्या दोन पायांमधून सारला आणि वळून पुन्हा तळव्याखाली घेतला. मग चौघेही आले. पाऊस सुरू झाला, मी ओली झाले, आणि ते चौघे घसरू लागले. दुर्पता घसरली नाही. ओल्या धानात ती आठ वर्षे चालली होती. तिचा पाय एकदाही माझ्यापासून सुटला नाही. तिने गोल करायचा प्रयत्नही केला नाही. नुसता चेंडू राखला. मला तिच्या तळव्याचे सगळे कळत होते. आधी तो थरथरत होता. मग थरथर थांबली. आणि शेवटी शेवटी, खरे सांगते, तो तळवा खेळत होता. तिला मजा येत होती.

शिट्टी झाली. बरोबरी झाली. दुर्पताने चेंडू हातात उचलून साहेबांसमोर ठेवला आणि धानाकडे गेली. धान तोपर्यंत ताडपत्रीखाली झाकून झाले होते.

साहेब पावसातच उभे होते. त्यांनी मंगरूला बोलावले. "खेल क्यों छोड़ा?"

मंगरू गोंधळला. प्रश्नच त्याला कळला नाही. "धान भिजत होतं ना, साहेब," तो म्हणाला.

साहेब वळले. मग त्यांनी खुशालला विचारले, "और वो? वो तुम्हारी चेली है?"

"नहीं साहब," खुशाल म्हणाला. "वो इन सबकी उस्ताद है. मेरी भी."

साहेबांनी बराच वेळ बायकांच्या दिशेने पाहिले. रेल्वेच्या संघात तिच्यासाठी जागा नव्हती, हे त्यांनाही माहीत होते आणि खुशाललाही. त्यांनी वही काढली आणि मंगरूचे नाव लिहून घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाशी केवलराम उभा होता. वाईट माणूस नव्हता तो. त्याचे डोळे लाल होते. "दुर्पता, घंटेले तू आली नाही. एकाले सोडलं त उद्या कोनी येणार नाही. शेठ ऐकून नाही राहिले."

"मालूम आहे मले," ती म्हणाली. "धावताना बी मालूम होतं."

मंगरू मागून ओरडला, "बाई, मंग मी बी नाही जात! मी इथंच राहतो!"

आठ वर्षांत मी तिचा आवाज चढलेला कधी ऐकला नव्हता. त्या दिवशी चढला. "नाही जात? मंग मी धावली कायले? बापासारखा थप्पीखाली मराचं आहे का तुले? जाय!"

तिची डब्याची पिशवी माझ्या उत्तरेच्या कोपऱ्यात राहिली होती. तेवढी घ्यायला केवलरामने तिला आत सोडले. माझ्यावर त्या वेळी धान नव्हते. मी नुकतीच धुतलेली, मोकळी होते. तरी ती पाय घासत गेली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक सरळ सरी. पिशवी घेतली आणि कडेकडेने बाहेर पडली. त्यानंतर तिचा पाय मला लागला नाही.

मंगरू रेल्वेत गेला. तो मोठा खेळाडू झाला, असे लोक सांगतात. खुशाल दोन वर्षे राहिला. संध्याकाळी कोळसा घेऊन माझ्यावर बसायचा, पण खुणा करायचा नाही. मग बॉयलर नवा आला आणि तो कुठेतरी निघून गेला. गेल्या साली मिलमध्ये धान वाळवायचे यंत्र बसले. आता कोणाला माझी गरज नाही. माझ्या भेगांतून पिंपळ उगवला आहे.

मंगरू एकदा आला होता, दोन महिन्यांपूर्वी. फाटकाशी बूट काढून माझ्यावर आला. तळवे मऊ झाले होते त्याचे. बहिणीला आपल्याकडे, खरगपूरच्या रेल्वे घरात नेण्यासाठी तो तिला शोधत होता. सालेकशाकडे तेंदूपत्त्याच्या कामाला जाते, एवढेच कोणीतरी सांगितले. ती सापडली की नाही, मला कळले नाही. मला उठून जाता येत नाही, मित्रांनो. नाहीतर मी केव्हाच गेले असते, गावोगाव, जंगलात, तिच्या पायाखाली.

माझ्यावर होळी पेटवू नका, खड्डे करू नका, तो पिंपळ उपटा, एवढे माझ्यासाठी करा. मला सपाट राहायचे आहे. आणि एक गोष्ट तिच्यासाठी. फाटकाशी कधी एखादी बाई थांबली आणि तुमचा खेळ बघू लागली, तर "काय पाहिजे?" असे विचारू नका. चेंडू तिच्याकडे सरकवा, आणि बाजूला व्हा.